काळा राजा कुणी आडवा केला?

१

आमच्या बुद्धिबळ मंडळाच्या काचपेटीतला काळा राजा गुरुवारी सकाळी आडवा पडलेला सापडला, आणि दुपारपर्यंत अख्ख्या मंडळाने ठरवून टाकलं की हे काम माझ्या नवऱ्याचं. फोन करून मला ही बातमी देणाऱ्या बाईंनी आवाज इतका खाली आणला होता, की मला वाटलं कुणीतरी गेलंच. मी म्हटलं, अहो, लाकडाचा राजा तो, पडला तर पडला, उचलून ठेवा. त्यावर त्या म्हणाल्या, तसं नाही हो, पेटीला कुलूप होतं, आणि डाव कुठला आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे.

मला ठाऊक नसून कुणाला असणार? त्या डावात पांढऱ्याकडून माझा नवरा खेळला होता आणि काळ्याकडून माझा सख्खा भाऊ. तीस वर्षं झाली त्याला. बुद्धिबळाच्या राज्य अजिंक्यपदाची शेवटची फेरी, आमच्याच मंडळाच्या हॉलमध्ये. दादा अर्ध्या गुणाने पुढे होता. आमचे डॉक्टर, म्हणजे माझा नवरा, जिंकले असते तर अजिंक्यपद त्यांचं, आणि बरोबरी झाली तर दादाचं. डाव बरोबरीत सुटला. मंडळाचा पहिला राज्य अजिंक्य म्हणून लोकांनी दादाला खांद्यावर घेतलं आणि पटावरच्या सोंगट्या होत्या तशाच काचेच्या पेटीत ठेवून दिल्या.

मग आठवड्याभरात कुणीतरी तो डाव मांडून बघितला आणि सांगितलं, की अरे, डॉक्टर तर जिंकत होते. झालं. मेहुण्याने मेहुण्याला अजिंक्यपद आंदण दिलं, असं जो तो बोलायला लागला. यांनी कुणाला उत्तर दिलं नाही, दादानेही नाही. दोघे एकमेकांशी बोलायचे थांबले ते थांबलेच. यांनी स्पर्धांत खेळणं सोडलं आणि दादाने माझ्या घराची पायरी चढणं सोडलं. मला मुलगी झाली तेव्हा मामा तिला दवाखान्यात बघून गेला, घरी आला नाही. वहिनी गेली तेव्हा हे तिच्या फाटकाबाहेर उभे राहिले, आत गेले नाहीत. काय झालं म्हणून विचारलं की दोन्हीकडून एकच उत्तर, त्याला विचार. या घरातून त्या घरात डबे पोचवता पोचवता मी म्हातारी झाले.

आता दादा सोमवारी मुलाकडे कायमचा जायचा होता. दूर, विमानाने जावं लागतं इतका दूर. त्याचं वय आणि त्याचे गुडघे बघता तो परत येईल असं म्हणण्यात अर्थ नव्हता. रविवारी मंडळाने त्याचा सत्कार ठेवला होता. सत्काराचं मला काही कौतुक नव्हतं. मला एवढंच हवं होतं, की जाण्याआधी त्याने एकदा माझ्या घरी येऊन, माझ्या टेबलाशी बसून, माझ्या हातचं जेवावं. त्यासाठी मी दोन्हीकडे किती लोणी लावलं ते माझं मला माहीत. दोन्ही दगड जरा जरा पाझरायलाही लागले होते, आणि नेमका आताच हा राजा पडला.

संध्याकाळी मंडळाचे चिटणीस दारात हजर. आत या म्हटलं तरी आले नाहीत. उंबऱ्याबाहेरूनच डॉक्टरांना म्हणाले, की सरांच्या सत्काराच्या तोंडावर हा खोडसाळपणा शोभत नाही, माफी मागणार नसाल तर रविवारी येऊ नका. दादाला सगळे सर म्हणतात, तो शाळेत भूगोल शिकवायचा. डॉक्टर म्हणाले, मी तीस वर्षांत त्या हॉलमध्ये गेलेलो नाही आणि पुढेही जाणार नाही, आणि त्यांनी शांतपणे दार लावलं.

मी डॉक्टरांकडे बघितलं. त्यांनी पेपर उघडला होता आणि तो उलटा धरला होता. मी पायात चपला सरकवल्या आणि तडक पंचांकडे गेले.

२

पंच म्हणजे त्या स्पर्धेचे पंच. नोकरी त्यांची वजनमापं तपासायची, दुकानादुकानांत जाऊन तराजू बघायची. खेळायला अगदीच कच्चे, कुणीही यावं आणि हरवून जावं, पण पंच म्हणून त्यांच्या शब्दाला मान. त्यांची एक सवय मला लग्नाच्या आधीपासून ठाऊक होती. कुठलाही प्रश्न ते दोनदा विचारत, त्याच शब्दांत, त्याच आवाजात. समोरचा वैतागायचा. ते म्हणत, वजन दोनदा टाकून बघावं, काटा दोन्ही वेळा एकाच जागी थांबला तर खरं.

माझं सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, राजाचं डोकं कुठल्या बाजूला आहे? मी म्हटलं, मी बघितलेला नाही. त्यांनी परत विचारलं, राजाचं डोकं कुठल्या बाजूला आहे? मी म्हटलं, चला, दाखवते, माझं डोकं खाऊ नका.

हॉलमध्ये चिमणी होती. चिमणी ही मंडळाची आताची अजिंक्य, बँकेत नोकरी करते, आवाज बारीक म्हणून तिला चिमणी म्हणतात, पण पटावर बसली की भल्याभल्यांना रडवते. राजा पडलेला पहिल्यांदा तिनेच बघितला होता. अजून कुणी हात लावलेला नव्हता. पंच पेटीवर वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले, मला वाटलं कंबर धरली की काय.

काळा राजा अगदी सरळ रेषेत पडला होता, डोकं पांढऱ्याच्या दिशेने. बाकीच्या सोंगट्या जागच्या जागी. धक्का लागून पडला असता तर शेजारचा उंट तरी हलला असता.

पंचांनी चिमणीला विचारलं, तू डाव हरलीस तर काय करतेस. ती म्हणाली, फारशी हरत नाही, पण हरले तर घड्याळ थांबवते आणि हात मिळवते. राजा कोण आडवा करतं हल्ली, ते सिनेमात. पंचांनी परत तेच विचारलं. तिने तेच उत्तर दिलं, फक्त ‘फारशी हरत नाही’ एवढं गाळून.

मग पंचांनी आम्हाला एक जुनी गोष्ट सांगितली. मंडळ काढणारे जे म्हातारे गृहस्थ होते त्यांनी पोरांना लावलेली शिस्त होती ती. हरलास तर राजा आडवा करायचा, आणि तोही असा नाही, डोकं समोरच्याच्या बाजूला करून. म्हणजे, घ्या, हा तुमचा. त्यांच्या पश्चात ती पद्धत मोडली. चिमणीच्या वेळेपर्यंत कुणाला माहीतही नव्हती.

चिमणीने मग तो डाव मला समजावून सांगितला. पांढऱ्याने शेवटच्या चालीत प्यादं सातव्या घरात नेलं होतं, पुढच्या चालीला त्याचा वजीर होणार. काळ्याकडे एकच आशा होती, वजिराने शहावर शह देत राहायचं. तो शह संपणारच नसेल तर डाव बरोबरीत. वरवर बघणाऱ्याला तो संपणार नाही असंच वाटतं. पण पांढरा राजा हळूहळू आपल्या उंटाच्या आडोशाला जाऊन लपतो आणि मग काळ्याचा खेळ खलास. ती म्हणाली, “हे पटावर बसून दिसायला फार मोठा खेळाडू लागतो. मला कॉम्प्युटरने दाखवलं.”

पंच हळूच म्हणाले, नव्या माणसाचं हे काम नाही. ती पद्धत माहीत असलेले जुने आता तिघेच उरलेत. एक मी, एक सर, आणि एक तुमचे डॉक्टर.

नवऱ्याला सोडवायला म्हणून मी पंचांना आणलं होतं, आणि त्यांनी तर फास आवळला.

३

चिटणिसांचं विजेच्या सामानाचं दुकान आहे. शुक्रवारी सकाळी आम्ही गेलो तेव्हा ते शिडीवर चढून पंखा उतरवत होते, आणि पंचांना बघून तिथूनच म्हणाले, की किल्ली माझ्या जुडग्यात असते, जुडगा माझ्या कमरेला असतो, अजून काय सांगू. पंचांनी विचारलं, पेटी उघडली होती का? ते म्हणाले, मुळीच नाही. पंचांनी परत विचारलं, पेटी उघडली होती का? चिटणीस खाली उतरले.

“तशी उघडली नव्हती. म्हणजे फोटोपुरती उघडली होती.”

बुधवारी संध्याकाळी सत्काराच्या पत्रिकेसाठी दादाचा त्या पटाबरोबर फोटो काढायचा होता. काचेवर दिव्याची चकाकी येते म्हणून पेटी उघडली. त्यांनी फोन काढून आम्हाला फोटो दाखवला. दादा अवघडून उभा होता आणि पटावर काळा राजा ताठ उभा होता. पुढे काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाले, गिऱ्हाइकाचा फोन आला, बाहेर जाऊन बोललो, परत येऊन कुलूप लावलं. लावताना आत बघितलं का, तर नाही बघितलं. आत तेवढा वेळ कोण होतं, तर सर.

“पण सरांवर संशय घेता का तुम्ही?” चिटणिसांचा चेहरा असा झाला, जणू आम्ही त्यांच्या वडिलांना चोर म्हटलं. ते दादाचे विद्यार्थी. मग शाळेच्या आठवणी निघाल्या. भिंतीवर नकाशा टांगून सर नावं घ्यायचे आणि पोरांनी बोटाने जागा दाखवायची. चिटणिसांनी दुकानातली एक पट्टी उचलली, खांदे दादासारखे जरा पुढे काढले आणि हुबेहूब नक्कल केली. नदीवर बोट बरोबर पडलं की पट्टी टेकवून, “बरोबर, ही.” चुकलं की, “बुडालास.” मला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. आमच्या लहानपणी दादा घरीसुद्धा असाच होता. मी फडताळातून योग्य बरणी काढली तरी तो परीक्षा घेतल्यासारखा मान हलवायचा.

पंच मात्र हसले नाहीत. रस्त्याला लागल्यावर मी विचारलं, की काम दादाचं असं तुम्हाला वाटतंय का. ते म्हणाले, वाटायचा प्रश्न नाही. डॉक्टरांना राग काढायचा असता तर त्यांनी प्यादं पुढे सरकवून तिथे वजीर ठेवला असता, बघा मी जिंकत होतो म्हणून. काळा राजा ते कशाला आडवा करतील? दुसऱ्याच्या वतीने हार मानता येत नाही. ज्याचा राजा, त्यानेच आडवा करायचा.

“पण डाव तर बरोबरीत सुटला होता,” मी म्हटलं. “बरोबरीत सुटलेल्या डावात, तीस वर्षांनी, तो हार कशाला मानेल?”

पंच रस्त्यातच थांबले आणि म्हणाले, तेच तर मला तेव्हा विचारायला हवं होतं.

४

डॉक्टर दवाखान्यातच होते. दातांचे डॉक्टर ते, अजून सकाळचे दोन तास बसतात. पेशंट नव्हता, म्हणून पंच सरळ त्या आडव्या खुर्चीत जाऊन बसले आणि मी हात धुवायच्या भांड्याशेजारी उभी राहिले. पंचांनी विचारलं, बरोबरी कुणी मागितली?

इतक्या वर्षांत मी हा प्रश्न यांना कितीदा विचारला असेन, पण दरवेळी रागाने किंवा रडून. पंचांनी तो असा विचारला, जसा एखादा माणूस किलोचं वजन कुठे आहे म्हणून विचारतो. आणि दुसऱ्यांदा विचारल्यावर यांनी उत्तर दिलं.

हे म्हणाले, घड्याळातला लाल झेंडा पडायला आला होता, म्हणजे माझी वेळ संपतच आली होती. हाताला घाम सुटला होता. प्यादं पुढे ढकललं ते दुसरं काही सुचेना म्हणून. ढकलल्यावर लक्षात आलं, की आता हा शहावर शह देत बसणार आणि डाव बरोबरीत जाणार. तेवढ्यात त्याने हात पुढे केला आणि म्हणाला, बरोबरी. मी हात घेतला. मला तर सुटल्यासारखं झालं.

“आणि मग लोकांनी सांगितलं, की मी जिंकत होतो. मला दिसलं नाही ते त्याला नक्की दिसलं असणार, त्याला सगळं दिसायचं. म्हणून त्याने घाईच्या वेळी बरोबरी पुढे केली. ठीक आहे, खेळ आहे, करतात लोक. पण मी डाव विकला असं सगळे म्हणत होते, तेव्हा तो एकदा तरी म्हणाला का, की मी मागितली होती म्हणून?”

हे माझ्याकडे न बघता हात पुसत होते. मला एकदम ते जुने रविवार आठवले. माझं लग्नही ठरलेलं नव्हतं तेव्हा. आमच्या बाहेरच्या खोलीत खिडकीशी पट मांडलेला असायचा, एक घोडा हरवलेला म्हणून त्याच्या जागी शर्टाचं मोठं बटण. हे दर रविवारी यायचे आणि दर रविवारी दादाकडून हरायचे. हरले की जातील असं वाटायचं, पण चहासाठी थांबायचे. मी एकदा दादाला विचारलं, की तुझा मित्र इतका हरतो तरी येतो कसा. दादा म्हणाला, “बेबी, बुद्धू आहेस, तो माझ्याशी खेळायला येत नाही.” आमचं लग्न जमवलं दादानेच. वडील नको म्हणत होते, मुलाचा दवाखाना अजून चालत नाही म्हणून. दादा त्यांच्याशी भांडला होता, आणि दादा कधी कुणाशी भांडत नसे. असा भाऊ, आणि असा त्याचा मित्र. मला दोघांचाही इतका राग आला की मी बाहेर जाऊन उभी राहिले.

पंच मागून आले आणि म्हणाले, आता सरांकडे.

५

दादाचं घर खोक्यांनी भरलं होतं. भिंतीवरचे फोटो उतरवल्यामुळे तिथे फिकट चौकोन उमटले होते. बसायला एकच खुर्ची उरली होती, ती त्याने पंचांना दिली, आणि आम्ही दोघं बहीणभाऊ खोक्यांवर बसलो.

पंचांनी राजाचं विचारलं, आणि त्याने आढेवेढे न घेता सांगून टाकलं, मीच. फोटो काढून झाला, चिटणीस बाहेर गेला, आणि हात आपोआप पुढे गेला. रविवारी सगळे त्याच डावावर भाषणं करणार, आणि मी हार गळ्यात घालून ऐकत बसणार. ते मला सोसवेना.

मी म्हटलं, अरे, पण संशय कुणावर गेला ते कळलं का तुला? तो म्हणाला, कळलं. कालपासून फोन हातात घेतोय आणि ठेवतोय. हाच तर त्याचा स्वभाव. तोंड उघडायची वेळ आली की आमच्या दादाच्या तोंडाला कुलूप.

पंचांनी विचारलं, बरोबरी कुणी मागितली?

“मी आयुष्यात कधी बरोबरी मागितलेली नाही.”

पंचांनी परत विचारलं. दादाचा आवाज चढला. तो म्हणाला, मी हरलो होतो. त्याने प्यादं ढकललं आणि मला शेवटपर्यंत दिसलं, की त्याचा राजा उंटाआड जाणार. इतकी सुंदर चाल त्याने माझ्यासमोर कधी केली नव्हती. मला आनंद झाला, खरं सांगतो, बेबी, हरताना आनंद झाला. मी हात पुढे केला. राजा आडवा करणार तेवढ्यात हे पंच आले, निकाल काय म्हणाले, आणि तुझा नवरा म्हणाला, बरोबरी.

“त्याने मला अजिंक्यपदाची भीक घातली. बायकोचा भाऊ म्हणून. मी नाही म्हणेपर्यंत लोकांनी मला उचललंसुद्धा. चालींच्या कागदावर मी सही केली, ती माझी चूक. पण त्या माणसाशी मी कुठल्या तोंडाने बोलायचं होतं? आणि त्याच्या घरी कुठल्या तोंडाने जेवायचं होतं?”

मी पंचांकडे बघितलं. यांचं म्हणणं दादाने मागितली, दादाचं म्हणणं यांनी दिली. दोघांतला एक खोटं बोलत होता. आणि एक माझा नवरा होता, दुसरा माझा भाऊ. मला वाटलं, उठावं आणि घरी जावं, काही कळायलाच नको.

६

पंच म्हणाले, दोघेही खरं बोलतायत.

मग ते सावकाश बोलायला लागले. बरोबरी मागायची रीत असते. आधी आपली चाल करायची, मग विचारायचं, मग घड्याळ दाबायचं. त्या पटावर शेवटची चाल पांढऱ्याची. म्हणजे रीतीने मागायची तर ती डॉक्टरांनी मागायला हवी होती, आणि डॉक्टर तर म्हणतायत मी मागितली नाही. सरांची पाळी होती, त्यांनी चाल केलेलीच नाही. शाळेत पोरगं रांग मोडून उभं राहिलं तर ज्यांना झोप येत नसे, ते सर चाल न करता बरोबरी मागतील? मग आपल्या पाळीला, चाल न करता, माणूस हात कशासाठी पुढे करतो? एकाच गोष्टीसाठी. हार मानायला. म्हणजे बरोबरी कुणीच मागितली नाही. पण डॉक्टरांनी तर ती कानांनी ऐकली.

दादा म्हणाला, मग तो खोटं बोलतोय. पंच म्हणाले, सर, हात पुढे करताना तुम्ही काय म्हणालात?

“काही नाही.”

“हात पुढे करताना तुम्ही काय म्हणालात?”

“काही नाही. चाल चांगली होती, तेवढं म्हणालो असेन. ही चाल बरोबर, असं काहीतरी.”

“असं काहीतरी नको. तसंच म्हणा. हातही तसाच पुढे करा.”

दादाने खोक्यावर बसल्या बसल्या हात पुढे केला. आणि पोराचं बोट नेमकं नदीवर पडल्यासारखी मान हलवून, पुटपुटत म्हणाला, “बरोबर, ही.”

मी ऐकलं होतं. पंचांनी ऐकलं होतं. आणि दादाने स्वतःचंच स्वतः ऐकलं, बहुतेक जन्मात पहिल्यांदा. भरलेल्या हॉलमध्ये, घड्याळांच्या टिकटिकीत, समोर घाबरलेला माणूस, त्याच्या डोक्यात आधीच बरोबरी घोळत असलेली. त्याला दुसरं काय ऐकू येणार?

पंच म्हणाले, “मी आलो तेव्हा तुमचे हात एकमेकांत होते. निकाल मी एकदाच विचारला, आणि एकालाच.” म्हातारे एकदम फार थकलेले दिसले.

मी फोन केला आणि डॉक्टरांना म्हटलं, असाल तसे या, दादाच्या घरी, आत या, फाटकाबाहेर थांबलात तर माझ्यासारखी वाईट कुणी नाही. ते दवाखान्याचा पांढरा कोट न काढताच आले. दारात थबकले. पंचांनी सगळं परत पहिल्यापासून सांगितलं, आणि दादाला परत तो हात पुढे करायला लावला.

डॉक्टर बराच वेळ दादाच्या हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे तू हरला होतास?”

“हरलो होतो.”

“मग मी जिंकलो होतो.”

“जिंकला होतास. तू मला भीक घातली नव्हतीस?”

“अरे, मला कळलंच नव्हतं मी जिंकतोय. भीक कुठून घालू?”

आणि दोघे हसायला लागले, वेड्यासारखे, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून. पंचही हसले. मला मात्र हसू आलं नाही. माझा इतका संताप झाला, की समोरचं खोकं मी लाथेने ढकललं. मी म्हटलं, एक ‘ह’ रे. एक ‘ह’ ऐकू आला नाही म्हणून तुम्ही दोघांनी माझं माहेर तोडलंत. माझ्या पोरीला मामा असून नव्हता. वहिनी जाताना यांचं नाव घेऊन विचारत होती, आणि हे फाटकाबाहेर. एकाने, एकदाच, विचारलं असतं, की बाबा रे, काय म्हणालास? पंच प्रत्येक गोष्ट दोनदा विचारतात, तुम्हाला एकदा विचारता आलं नाही?

मोठी माणसं, पांढऱ्या केसांची, मास्तरांनी उभं केल्यासारखी मान खाली घालून उभी. दादा म्हणाला, रविवारी मी भाषणात सगळ्यांना सांगतो, की मी हरलो होतो. डॉक्टर म्हणाले, काही सांगू नकोस, आहे तसं राहू दे. यावर त्यांचा तिथल्या तिथे वाद सुरू झाला. मी म्हटलं, काय सांगायचं ते सांगा आणि काय राहू द्यायचं ते राहू द्या, मी स्वयंपाकाला जातेय, संध्याकाळी जेवायला या.

संध्याकाळी दादा आला. पंचांनाही मी बोलावलं होतं, पण त्यांना कळतं कुठे थांबायचं ते, ते आले नाहीत. दादाने पायरीवर चपला काढल्या, भिंतीला हात धरून वर चढला आणि दारात उभा राहून घर बघत राहिला. भिंतीवरचा माझ्या मुलीचा फोटो बघितला, खिडकी बघितली, टेबल बघितलं. फार चांगलं घर आहे, म्हणाला. परक्या माणसाने म्हणावं तसं म्हणाला. मी म्हटलं, बस आता, वाढतेय. हे पाण्याचे पेले भरत होते.

तो बसला नाही. खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला, इकडेतिकडे बघितलं आणि जरा संकोचून मला विचारलं, “बेबी, हात कुठे धुवायचे?”

माझा सख्खा भाऊ. माझं लग्न ज्याने जमवलं तो. आणि त्याला माझ्या घरातलं काही म्हणता काही माहीत नव्हतं. माझ्या हातात वाढायचा चमचा होता, तो तसाच राहिला. डॉक्टरांनी पेला खाली ठेवला, दादाच्या कोपराला धरलं आणि म्हणाले, चल, दाखवतो. ते दोघे आत गेले, नळ सुरू झाल्याचा आवाज आला, आणि मी तिथेच उभी राहून रडून घेतलं.